बिशपांच्या परवानगीची वाट पाहताना

भूत काढायचं असेल तर कॅथलिक चर्चमध्ये आधी बिशपांची परवानगी लागते, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मामीची कल्पना अशी की फादर घरी येतील, गळ्यात जांभळा स्टोल घालतील, पवित्र पाणी शिंपडतील, लॅटिनमध्ये काहीतरी खणखणीत म्हणतील आणि पोरगी ताळ्यावर येईल. माझी कल्पनाही फार निराळी नव्हती. फक्त माझी सिनेमातून आलेली होती आणि मामीची तिच्या आजीकडून.

माझी मामेबहीण तेव्हा बावीस वर्षांची. मामा जाऊन वर्ष व्हायचं होतं. आम्ही वसईकडचे, संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्याशिवाय पानं न वाढणारे. त्या रोझरीतच पहिल्यांदा ते झालं. मध्येच तिने नाक आक्रसलं. "काहीतरी जळतंय," म्हणाली. गॅस बंद होता. मग पोटातून काहीतरी वर चढतंय म्हणत तिने छाती दाबून धरली, नजर भिंतीवर खिळली आणि ओठ मिटक्या मारल्यासारखे हलायला लागले. थोड्या वेळाने ती उठली, भिंतीवरचा क्रूस काढून जमिनीवर ठेवला आणि जाऊन झोपली. उठल्यावर यातलं काहीच तिला आठवेना. क्रूस तिने ठेवला होता, फेकला नव्हता. गावात फिरलेल्या गोष्टीत मात्र तो आधी फेकला गेला, मग तुटला आणि शेवटी पेटलासुद्धा.

पुढे असं वरचेवर व्हायला लागलं आणि त्यात दुसराच एक प्रकार मिसळला. ती जाड आवाजात बोलायची, मामाच्या लकबी यायच्या, मामा जशी हाक मारायचे तशी मामीला नावाने हाक मारायची. अंग असं ताठ व्हायचं की दोघा-तिघांना आवरत नसे. एकदा तोंडातून "ओरा प्रो नोबिस, ओरा प्रो नोबिस" असं लॅटिन निघालं, 'आमच्यासाठी प्रार्थना कर' अशा अर्थाचं. त्या दिवशी शेजारणींनी निकाल लावून टाकला: बाहेरचं आहे.

उपाय सांगायला माणसं कमी पडत नाहीत. एका नातेवाइकाने भगत सुचवला. रविवारी चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, आणि अमावास्येला भगत असं करणारी घरं आमच्यातही आहेत, चारचौघांत कुणी बोलत नाही इतकंच. हा भगत मिरच्यांची धुरी देतो हे कळल्यावर मी मध्ये पडले. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद या प्रकाराची आहे: भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. अनुसूचीशी मामीला काही देणंघेणं नव्हतं, पण 'पोलीस केस' म्हटल्यावर ती थांबली.

भगताऐवजी मग एक प्रार्थना गट घरी आला. सगळी संसारी माणसं, धर्मगुरू कुणीच नाही. गाणी, टाळ्या, मोठ्याने स्तुती, इथवर ठीक होतं. मग त्यांच्या म्होरक्याने तिच्या डोक्यावर हात दाबून विचारायला सुरुवात केली, "नाव सांग! कितीजण आहात? कुठून शिरलात?" आणि ती उत्तरं द्यायला लागली. प्रत्येक प्रश्नाला एक नवं नाव. त्या आधी आमच्या घरात जास्तीत जास्त मामाचा आत्मा होता. गट निघून गेला तेव्हा मोजदाद ठेवावी लागेल अशी गर्दी झाली होती. पोरगी त्यानंतर दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. पुढे फादरांकडून कळलं की नेमकी हीच गोष्ट रोमने १९८५मध्ये मना केली आहे. तेव्हाचे कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट, यांच्या सहीने जगातल्या सगळ्या बिशपांना पत्र गेलं होतं: अशा प्रार्थनासभांत सैतानाला उद्देशून बोलायचं नाही, त्याचं नावगाव विचारायचं नाही. ते पत्र आमच्या आळीपर्यंत काही पोचलेलं नव्हतं.

एवढं झाल्यावर मामी आणि मी, आम्ही दोघी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, फादरांकडे गेलो. मामीने सगळं सांगून शेवटी म्हटलं, "तुम्ही येऊन काढा, फादर."

"मला काढता येणार नाही."

"का नाही? तुम्ही फादर आहात ना?"

त्यांनी शांतपणे सांगितलं, की चर्चच्या कायद्याचं ११७२वं कलम आहे. बाधा झालेल्या माणसावर हा विधी करायला स्थानिक बिशपांची खास आणि स्पष्ट परवानगी लागते. आणि ती द्यायची तीही भक्तिमान, अभ्यासू, विवेकी आणि निर्मळ चारित्र्याच्या धर्मगुरूलाच. मामीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "यातलं तुमच्यात काय कमी आहे?" फादर खळखळून हसले. त्या सगळ्या महिन्यांत आमच्यापैकी कुणीतरी हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

ते म्हणाले, तिच्यावर एकदा हा संस्कार होऊन गेलाय, बाप्तिस्म्याच्या वेळी. प्रत्येक बाळाच्या बाप्तिस्म्यात दुष्टाच्या तावडीतून सोडवण्याची एक छोटी प्रार्थना असते, आणि 'सैतानाचा त्याग करता का?' याला आईबाप आणि धर्ममातापिता उत्तर देतात ते त्यातलंच. पूर्वी तर 'भूत काढणारा' अशी पुरोहितपदाच्या वाटेवरची एक खालची पायरीही होती. पोप सहावे पॉल यांनी १९७२मध्ये ती काढून टाकली. मामी ऐकत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. तिला तारीख हवी होती.

तारखेऐवजी फादरांनी प्रश्न विचारले. झोप किती लागते? लहानपणी तापात झटके आले होते का? डोक्यावर कधी पडली होती का? पाळीच्या सुमारास वाढतं का? मामा गेले तेव्हा ती जवळ होती का? हे सगळं बऱ्याचदा माणसांसमोरच होतं, की एकटी असतानाही? आणि शेवटी, "ती स्वतः काय म्हणते?" ती म्हणत होती, "मला तो जळका वास येतो, त्याचं काहीतरी करा." तिच्या तोंडी पहिल्या दिवसापासून एवढंच होतं.

चर्च सैतान आहे असंच शिकवतं, तिथे गुळमुळीत काही नाही. पण अमक्याला बाधा झालीय हे मान्य करायच्या बाबतीत ते किती चिकट आहे हे मला तेव्हा कळलं. १६१४चा रोमन विधिग्रंथ धर्मगुरूला सुरुवातीच्याच नियमांत बजावतो की कुणाला भूत लागलंय यावर सहजासहजी विश्वास ठेवू नको. तो विधी पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ जवळपास तसाच चालला. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात, १९९८मध्ये नवा विधी मंजूर झाला, पण हा संशय त्यात कायम आहे, उलट वाढलाय: गरज पडेल तिथे वैद्यकशास्त्र आणि मानसोपचार जाणणाऱ्यांचा सल्ला घ्या, असं त्यात लिहिलं आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही, १६७३व्या परिच्छेदात, आजार ही वेगळी गोष्ट आणि तिचे उपचार वैद्यकाचं काम, असं साफ म्हटलंय. फादरांनी एका चिठ्ठीवर मुंबईतल्या न्यूरॉलॉजिस्टचं नाव लिहून दिलं. मामी बाहेर आल्यावर म्हणाली, "चर्चमध्ये आले आणि डॉक्टरचा पत्ता घेऊन चालले."

न्यूरॉलॉजिस्टने वास, पोटातून वर चढणं, नजर खिळणं, मिटक्या ही यादी ऐकता ऐकताच मान हलवायला सुरुवात केली होती. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणारा अपस्मार, म्हणजे फेफरं, असाच येतो, म्हणाले. अंग न झाडता, आणि कधी कधी भीती किंवा देवाधर्माच्या भलत्याच तीव्र भावना घेऊन. दवाखान्यात ठेवून व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या रेघा टिपणारी तपासणी, झाली. डोक्याला तारा चिकटवलेल्या, समोर कॅमेरा, आणि झटका यावा म्हणून झोपू द्यायचं नाही. आम्ही झटक्याची वाट पाहत बसलोय, ही गोष्ट मामीला काही केल्या पचेना. झटका आला आणि पडद्यावरच्या रेघा खरोखरच बदलल्या. मग दुसऱ्या रात्री तो जाड आवाजही आला, मामा बोलला, अंग ताठलं. त्या वेळी रेघा जागेपणीच्या साध्या रेघांसारख्याच राहिल्या.

म्हणजे आजार दोन होते. एक मेंदूतल्या विजेचा, दुसरा मनाचा. दुसऱ्यातही ती नाटक करत नव्हती, हे मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मामीला पुन्हा पुन्हा सांगितलं. "एकाच माणसाला ढेकूण आणि डास दोन्ही चावू शकतात, त्यात नवल नाही," म्हणाल्या. मामीला मेंदूच्या चित्रापेक्षा हे बरं समजलं.

घरी येताना लोकलमध्ये मी फोनवर बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढून वाचला. लहानपणापासून ऐकलेला. बाप मुलाला येशूकडे आणतो: तो खाली पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, ताठ होतो. येशू विचारतो, "हे किती दिवसांपासून होतंय?" बाप म्हणतो, लहानपणापासून, कधी आगीत पडतो, कधी पाण्यात. न्यूरॉलॉजिस्टनेही सकाळी जवळपास याच क्रमाने विचारलं होतं.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण गोळी सुरू झाल्यावर झटके कमी झाले आणि पोरगी भयंकर चिडकी झाली. ताट भिरकावलं. मामीच्या अंगावर धावून गेली. रोझरीला बसणार नाही म्हणाली, तेही शुद्धीत. मामीच्या दृष्टीने पुरावा पूर्ण झाला: औषधाने भूत चवताळलंय. लेव्हेटिरासेटॅम नावाच्या त्या गोळीने काहीजणांचा स्वभाव असा बदलतो, हे माहितीपत्रकातच छापलेलं असतं, पण आमच्याकडे माहितीपत्रक वाचतं कोण? पुढच्या तपासणीपर्यंत थांबायला मामी तयार नव्हती. बिशपांकडे अर्ज गेलाच पाहिजे, म्हणाली.

अर्ज म्हणजे छापील फॉर्म नव्हता. फादरांनी आमच्याकडून घडलेल्या सगळ्याची तारीखवार हकिकत लिहून घेतली, दोन्ही डॉक्टरांचे रिपोर्ट जोडले आणि तिला एकटीला बसवून विचारलं, "तुला हे हवंय का?" तिने आईसाठी हो म्हटलं. फादरांनी तसंच लिहिलं, आईसाठी. मग नुसती वाट पाहणं. महिने गेले. दरम्यान डॉक्टरांनी गोळी बदलली आणि ताटं भिरकावणं थांबलं. मामी तरी रोज विचारायची, "बिशपांचं काही आलं का?"

शेवटी बिशपांनी चौकशीसाठी बाहेरच्या धर्मप्रांतातले एक वयस्कर फादर पाठवले. त्यांचं नाव गावात सांगायचं नाही अशी अट होती, कारण एकदा नाव फुटलं की दारात रांग लागते. जाड भिंगाचा चष्मा, हातात फाइल, पायात साध्या चपला. मामीची उघड निराशा झाली. त्यांनी पोरीला देवाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. नोकरी शोधतेस का, मैत्रिणी येतात का, रात्री मोबाइल किती वाजेपर्यंत, मामांची कुठली गोष्ट सर्वांत जास्त आठवते. ती आठवणीवर रडली, मग बोलत सुटली.

आम्हाला वेगळं बसवून त्यांनी खुणा तपासल्या. जुन्या विधीत तीन दिल्यात: न शिकलेली भाषा बोलणं वा समजणं, दूरचं किंवा गुपित ठाऊक असणं, वयाला आणि शरीराला न शोभणारी ताकद. नव्या विधीत यांच्या जोडीला देवाच्या, संतांच्या, पवित्र वस्तूंच्या विषयीचा तीव्र तिटकारा आहे, पण यातलं काहीही एकटं पुरेसं धरत नाहीत. मी "ओरा प्रो नोबिस"ची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "घरात म्हातारं कोण होतं?" आजी होती. मिस्सा लॅटिनमध्ये असायची त्या काळातली, संतांची मालिका, म्हणजे एकेका संताचं नाव घेत 'ओरा प्रो नोबिस' म्हणत जायची प्रार्थना, ती मरेपर्यंत लॅटिनमध्येच म्हणायची आणि पोरगी तिच्या कुशीत झोपायची. पाण्याचं सांगितल्यावर तर ते मिश्कील झाले. मावशीने एकदा बाटलीतलं पाणी शिंपडलं होतं, पोरगी किंचाळली होती. मागून कळलं की पवित्र पाण्याची बाटली वेदीजवळच राहिली होती आणि शिंपडलं ते फ्रिजमधलं. फादर म्हणाले, सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मार्त ब्रोसिए नावाच्या बाईचं असंच झालं. बिशपांनी तिला साधं पाणी पवित्र म्हणून दिलं, प्रार्थना म्हणून एका जुन्या लॅटिन महाकाव्याची ओळ वाचली, आणि दोन्ही वेळा तिला झटके आले. "पण आजारी माणसाला मी असं फसवणार नाही," हेही म्हणाले.

मामीने आपला हुकमाचा पत्ता काढला. "मदर तेरेसांवरसुद्धा केलं होतं ना?" त्यांना हे अपेक्षितच असावं. कोलकात्याचे आर्चबिशप हेन्री डिसूझा यांनी २००१मध्ये ते स्वतःच सांगितलं होतं: इस्पितळात मदर रात्री फार अस्वस्थ असायच्या, झोप येत नव्हती, म्हणून त्यांनी एका धर्मगुरूला तशी प्रार्थना करायला लावली. "आणि डॉक्टर?" फादरांनी मामीला विचारलं. "मदरचे डॉक्टर बंद केले होते का?"

मग ते अ‍ॅनेलीझ मिशेलबद्दल बोलले. बव्हेरियातली विद्यार्थिनी, अपस्माराचं निदान झालेली, घरचे कमालीचे भाविक. वुर्झबुर्गच्या बिशपांनी परवानगी दिली आणि १९७५च्या सप्टेंबरपासून दोन धर्मगुरूंनी तिच्यावर सदुसष्ट वेळा विधी केला. तिने जेवण सोडलं. १ जुलै १९७६ला ती गेली, तेव्हा वय २३, वजन तीस किलोच्या आसपास. १९७८मध्ये आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरले. हे सांगताना फादरांचा आवाज जराही चढला नाही, पण मामीने त्यानंतर मदरचं नाव काढलं नाही. तुम्ही स्वतः कधी खरी बाधा पाहिलीत का, असं मी विचारलं. "समजावता येणार नाही असं पाहिलंय, फार थोडं," एवढंच म्हणाले आणि फाइल बंद केली. मला ते उत्तर पटलं. जास्त बोलले असते तर पटलं नसतं.

मोठ्या विधीची परवानगी मिळाली नाही. मामी दोन रविवार फादरांशी बोलली नाही. मात्र साध्या प्रार्थनेला कुणाची परवानगी लागत नाही, आणि पाहुणे फादर त्यासाठी पुन्हा आले. दुपारची वेळ, चर्चच्या बाजूचं छोटं प्रार्थनामंदिर, आम्ही घरचे चौघं. आधी पाणी शिंपडलं, मग संतांची मालिका मराठीतून, नंतर एक्क्याण्णवावं स्तोत्र. शुभवर्तमान वाचून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, दाबला नाही. मोठ्या विधीत यापुढे सैतानाला निघून जाण्याची आज्ञा देणारं सूत्रही असतं, पण तेही देवाकडे मागणाऱ्या प्रार्थनेच्या आधी किंवा तिच्याशिवाय म्हणता येत नाही. इथे आज्ञा नव्हतीच, सगळं मागणंच.

स्तोत्र अर्ध्यावर असताना तिला वास आला. तिने हाताने खूण केली, नजर खिळली. आमच्यापैकी कुणी हलायच्या आत फादरांनी पुस्तक मिटलं, तिला जमिनीवर कुशीवर झोपवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसले. झटका ओसरल्यावर किती वेळ लागला ते मला सांगितलं, डॉक्टरांच्या वहीत लिहायला. ती नीट शुद्धीवर आल्यावर विचारलं, "पुढे वाचू?" ती म्हणाली, "वाचा." त्यांनी स्तोत्र जिथे सोडलं होतं तिथून धरलं. 'हे आमच्या पित्या' या प्रार्थनेने शेवट झाला.

मामांच्या वर्षाच्या मिस्सेला तिने वाचन केलं. समुपदेशन चालू होतं, जाड आवाज हळूहळू यायचा बंद झाला. अपस्मार आहे, गोळ्या आहेत; मध्ये एकदा तिने आपल्या मनाने गोळ्या सोडल्या तेव्हा वास परत आला होता. श्रेय कुणाचं यावर घरात अजून एकमत नाही. मामी प्रार्थनेचं म्हणते, माझा भाऊ नव्या गोळीचं. बहिणीला विचारलं तर म्हणते, "दोन्ही चालू ठेवा, फक्त त्या टाळ्यावाल्यांना बोलावू नका."

आता आसपासच्या गावांतून मला फोन येतात. आमच्या सुनेला, आमच्या पोराला तसंच होतंय, त्या बाहेरच्या फादरांचा नंबर द्या. मी नंबर देत नाही, आधी विचारते ईईजी काढला का. काहीजण तिथेच फोन ठेवतात आणि मामीला गाठतात. मामी त्यांना ठणकावून सांगते की डॉक्टरचं काही ऐकू नका, सरळ आमच्या फादरांकडे जा. ते जातात, आणि फादर त्यांना त्याच न्यूरॉलॉजिस्टचा पत्ता लिहून देतात.